सुईच्या भोकातून उळवीची जत्रा

उळवीला जायचं ठरलं ते रघूच्या कॅमेऱ्यामुळे, आणि पुढचा सगळा घोटाळा झाला तो रघूच्या सासऱ्यांच्या दातांमुळे.

रघुनाथ माझा शाळेपासूनचा मित्र. बेळगाव-खानापूरच्या बाजारगावांतून तो तंबू ठोकून सिनेमा दाखवतो. मी शाळेत ड्रॉइंग मास्तर. सुट्टीत त्याच्या तंबूच्या पाट्या रंगवतो आणि बदल्यात चित्रं फुकट पाहतो. गेल्या दिवाळीत त्याने कुणाकडून तरी हँडल फिरवायचा जुना सिनेमा कॅमेरा मिळवला. तेव्हापासून त्याच्या डोक्यात एकच वेड होतं. परदेशातल्या आगगाड्या आणि पडणारे लठ्ठ शिपाई लोकांनी किती दिवस बघायचे? आपल्याच लोकांना पडद्यावर आणायचं. माघी पुनवेला रानातल्या उळवीच्या देवाचा रथ निघतो, घाटावरून कानडी आणि मराठी माणूस गाड्या जुंपून येतो. तो रथ टिपायचा.

मला बरोबर घेण्याचं कारण माझी पेटी. माझ्याकडेही कॅमेरा आहे, पण त्याला भिंग नाही. सागवानी पेटी, मागे काचेची प्लेट आणि पुढे पितळी पत्र्याला सुईने पाडलेलं भोक. उजेड त्या भोकातून आत येतो आणि समोरचं चित्र उलटं उमटवतो. फक्त तीस मोजेपर्यंत समोरच्याने हलायचं नाही. रघू या पेटीला 'मास्तरांचं उंदराचं बीळ' म्हणायचा.

ज्यांना हा प्रवास करायचा असेल त्यांनी नीट ऐका. बेळगावहून आगगाडीने लोंढ्याला उतरावं. पुढे मोटार नाही. लोंढ्याच्या स्टेशनाबाहेर जत्रेच्या दिवसांत बैलगाड्या उभ्या असतात, पण पहिली दिसेल ती घेऊ नये, आधी बैलांचे पाय बघावेत. आम्ही काहीच बघितलं नाही आणि आमचं नशीब चांगलं निघालं. आमचा गाडीवान नरसू, जगलबेटच्या अलीकडच्या वाडीचा. त्याचे आजे खानापुराकडून इकडे भात पिकवायला आले ते इथलेच झाले. चाळिशीचा, रुंद खांद्यांचा आणि अखंड बोलणारा. बैलांशी मराठीत, वाटेतल्या माणसांशी कानडीत, आणि कुणीच नसलं तर स्वतःशी.

"जत्रेला भाडं मारायला चाललास की दर्शनाला?" रघूने विचारलं.

"दोनी," नरसू म्हणाला. "आवंदा रथाचा दोर ओढायचा हाय. पावसाळ्यात बायकू तापानं पडली. पंदरा दिवस डोळं उघडलं न्हाईत. म्हनलं, देवा, हिला उठिव, तुझा रथ ओढतो. उठली. आता मला शिव्या देत्या, म्हंजे पुरती बरी झाली."

रघूने लगेच त्याच्या खांद्यावर हात टाकला. "अरे मग तुला पडद्यावर दाखवतो. खानापूरच्या बाजाराला घरच्यांना घेऊन ये. दोर ओढताना बघतील."

"मी?" नरसूने बैल थांबवले. "हलताना?"

"हलताना."

नरसूने ते लगेच बैलांना सांगितलं. मग वाटेत भेटेल त्याला, कानडीत.

लोंढा ते सुपे दोन दिवस लागतात. पहिला मुक्काम जगलबेटला. रस्ता साग आणि बांबूच्या रानातून जातो. इथलं पाणी उकळल्याशिवाय पिऊ नये आणि क्विनाइनच्या गोळ्या नुसत्या पिशवीत ठेवू नयेत, खाव्यात. भाकरीबरोबर वाटेतल्या घरांत फणसाचे पापड मिळतात. तेलाचा वास लागलेला नसेल तर दहा-बारा सहज जातात. वाघाबद्दल सगळे बोलतात. आम्हाला फक्त एक कोंबडा आडवा गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी सुप्याला पोचलो. काळी नदीत माघात पाणी थोडं असतं, गाड्या उतारावरून बैलांच्या पोटापर्यंत पाण्यातून पार होतात. ते दृश्य पाहून रघू हरखला. "इथूनच सुरुवात करू," म्हणत त्याने तीनपाई रोवली, कॅमेरा चढवला, भिंगाची गोल चामडी डबी काढून झाकण उघडलं आणि तसाच उभा राहिला.

मी जवळ गेलो. डबीत मखमलीवर एक दातांची कवळी होती. वरची.

"मामंजींचे," रघू म्हणाला.

सासऱ्यांनी मुंबईहून दात करून आणले होते, आणि त्यांची डबी थेट भिंगाच्या डबीसारखी होती. सासरे रघूकडेच राहायचे आणि दोन्ही डब्या एकाच कोनाड्यात असायच्या. म्हणजे या क्षणी सासरे कोल्हापूरला भाचीच्या लग्नात पंगतीला बसून आपली डबी उघडत असणार, आणि तीत कॅमेऱ्याचं भिंग असणार.

रघू नदीकाठच्या दगडावर बसला. त्याचं तोंड मी असं कधी पाहिलं नव्हतं. या चित्रासाठी त्याने हंगामाचे बारा दिवस तंबू गुंडाळून ठेवला होता, बायकोशी भांडला होता, आणि कच्ची फिल्म तर दुसऱ्यांदा मिळणारही नव्हती. नरसूने वाकून डबीत पाहिलं आणि भीत भीत विचारलं, "ह्ये दात लावलं की चित्र निघतं?"

मी हसलो. रघू हसला नाही. माझ्याकडे न बघता तो म्हणाला, "मास्तर, तुझं भोक याला लागेल का?"

पेटी केल्यापासून सहा वर्षं वाट पाहिली होती मी या प्रश्नाची. पण माझ्या पेटीचं भोक या छोट्या कॅमेऱ्याला फार मोठं होतं. आम्ही सुप्याच्या बाजारात एका सोनाराकडे गेलो. म्हातारा, नाकावर दोऱ्याने बांधलेला चष्मा. त्याला सांगितलं, पितळेचा पत्रा कागदाइतका पातळ ठोका आणि मधोमध भोक पाडा, केसाएवढं.

"त्यात काय ओवायचं?"

"काही नाही."

"मग भोक कशाला?"

"उजेड जाऊ द्यायला."

सोनाराने आम्हा दोघांकडे आलटून पालटून पाहिलं. मग काम केलं, आणि फार सुंदर केलं. कडेला एक खरड नाही. मजुरी विचारली तर म्हणाला, "पत्र्याचा एक आणा द्या. नुसत्या भोकाचे पैसे आजवर घेतले न्हाईत."

आता हिशेब समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. भिंग असताना हँडल गरागरा फिरवायचं, सेकंदाला सोळा चित्रं निघतात. केसाएवढ्या भोकातून तेवढा उजेड येत नाही. एकेका चित्राला बारा मोजेपर्यंत थांबायला हवं. कॅमेऱ्याला एका फेऱ्यात एकच चित्र घेणारं वेगळं हँडल होतं, ते लावलं. अर्धा फेरा, बारा मोजा, अर्धा फेरा. सकाळी उन्हं आल्यापासून संध्याकाळपर्यंत हे केलं तर पडद्यावर जेमतेम अडीच मिनिटं. आणि बारा मोजेपर्यंत जो हलला तो पुसला गेला. हे मी रघूला सांगितलं होतं. त्याने ऐकलंही होतं. पण बुडत्याला काडीची लांबी-रुंदी दिसत नाही.

सुप्यापासून उळवी आणखी दोन दिवस. शेवटचा टप्पा चढाचा आणि गर्द, दुपारीही गाडीखाली कंदील टांगावा असं वाटणारा. मागेपुढे गाड्याच गाड्या, बैलांच्या शिंगांना रंग, गळ्यात घुंगरं आणि 'हर हर महादेव'चा घोष. उळवीत राहायला खोली शोधत बसू नका, मिळत नाही. गाडीखाली झोपायचं. जेवणाची मात्र काळजी नको. कुणाच्याही चुलीजवळ घटकाभर उभं राहिलं की पानात हुग्गी, म्हणजे गव्हाची गूळ घातलेली खीर, पडते, वर तुपाची धार.

पुनवेच्या सकाळी आम्ही देवळासमोरच्या उंचवट्यावर कॅमेरा लावला. रघू हँडलवर, मी मोजणीवर. अर्धा फेरा. एक, दोन, तीन. भोवती माणसं जमली. एका कानडी अज्जींनी विचारलं, हे काय दळताय? दुपारपर्यंत माझा आवाज बसला. मग नंदिगड्ड्याकडच्या चार शेतकऱ्यांनी मोजणी आपणहून हाती घेतली आणि कानडीत सुरू केली, ओंदु, एरडु, मूरु. हळूहळू सगळा उंचवटाच एका सुरात बारापर्यंत मोजू लागला. कशासाठी, हे कुणीच विचारलं नाही.

ऊन कलल्यावर रथ निघाला. दोराला शे-दीडशे माणसं. नरसू पुढच्या रांगेत, कमरेला नवा पंचा, आमच्याकडे बघून हात हलवत. मी ओरडलो, "हलवू नकोस!" तो आणखी जोरात हलवू लागला. रथ थोडा जायचा आणि थांबायचा, पुन्हा जायचा, पुन्हा थांबायचा. निम्म्या वाटेवर तो थांबला तो हलेचना. दोर ताणले, जयघोष झाला, चाकामागे पहारी लावल्या. रथ जागचा हलत नव्हता.

तेवढ्यात कुणीतरी आमच्याकडे बोट दाखवलं. "त्या पेटीनं धरलाय!"

बघता बघता भोवतीची मोजणी थांबली. माणसं सरकून आमच्या अंगाशी आली. कुणाच्या तरी हातात काठी होती. पांढऱ्या मिशांचे एक गौड, म्हणजे तिकडचे पाटील, गर्दीतून पुढे आले. त्यांना सगळे वाट देत होते. त्यांनी कॅमेऱ्याकडे निरखून पाहिलं.

"यात काय आहे?"

"भोक," रघू म्हणाला.

"आणि भोकाच्या मागे?"

"अंधार."

गौडांनी विचार केला. "झाका," ते म्हणाले.

मी माझा रुमाल भोकावर धरला. पुन्हा जयघोष, पुन्हा दोर ताणले. रथ जिथल्या तिथे. आता लोक गोंधळले. मग गौडच म्हणाले, "उघडा." मी रुमाल काढला, आणि देवाशपथ सांगतो, त्याच क्षणी चाकाखालचा दगड निसटला आणि रथ हलला. एकच जल्लोष झाला. मघा काठी घेऊन आलेला माणूस माझ्या कानाशी ओरडला, "आता झाकशील तर बघ! उघडंच ठेव!" पुढे रथ परत जागेवर येईपर्यंत तो काठी घेऊन कॅमेऱ्याशेजारी राखणीला उभा राहिला. सूर्य बुडाला तरी उघडंच ठेवलं.

परतीच्या वाटेवर नरसूने शंभरदा तरी विचारलं, "आलो न्हवं मी?" आणि रघू शंभरदा म्हणाला, "आलास."

बेळगावला पोचल्यावर कवळी परत केली. सासऱ्यांनी लग्नात चार दिवस नुसती बासुंदी प्यायली होती आणि त्यांची तक्रार अशी की ती घट्ट होती.

फिल्म धुतली. रघूच्या माजघरात भिंतीवर चादर लावून आम्ही दोघांनी ती पहिल्यांदा पाहिली. देऊळ आलं, सुईच्या टोकाइतकं रेखीव. झाडं आली. समोरचं अंगण, जिथे हजारो माणसं होती, तिथे जमिनीलगत धुक्यासारखं काहीतरी हलत होतं. आणि त्या धुक्यातून रथ निघाला. थांबला तिथे लख्ख, सरकला तिथे जरासा पुसट. दोर नाही, हात नाही, माणूस नाही. कळसासकट सबंध रथ आपला आपण चालत गेला आणि आपला आपण परत आला.

मी चादरीजवळ जाऊन रथापुढे नरसूला शोधू लागलो. रघू मात्र उठून उभा राहिला. "मास्तर, पाटी रंगव."

मी रंगवली. ते कबूल केलंच पाहिजे. 'चमत्कार! उळवीचा रथ माणसांवाचून चालला! डोळ्यांनी पाहा!' लाल अक्षरं, पिवळी सावली. चमत्कारातल्या 'त्का'ला मी वेलबुट्टीसुद्धा काढली. नरसूची आठवण आली नाही असं नाही. वाटलं, दोन दिवसांची वाट तुडवून तो कशाला येतोय.

खानापूरला बाजाराच्या दिवशी तंबूत पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्यावर रथ हलला तशी माणसं हात जोडून उभी राहिली. कुणी नारळ आणला होता, तो पडद्यापुढेच फुटला. अशी दोन-तीन प्रदर्शनं झाली आणि पुढच्या बाजाराला, दुपारच्या खेळाआधी, तंबूच्या दाराशी नरसूची गाडी येऊन उभी राहिली. गाडीतून एकेक जण उतरू लागला. म्हातारे वडील, चुलती, दोन भाऊ, भावजया, पोरं, आणि शेवटी नवं लुगडं नेसलेली, सडपातळ, अजून चेहऱ्यावर तापाचा पिवळेपणा असलेली त्याची बायको भागिर्थी. नरसू धरून अकरा माणसं. घरून निघून दुसऱ्या दिवशी पोचले होते. पाटी त्यांच्यापैकी कुणालाच वाचता येत नव्हती.

"मास्तर, ही बघा," नरसू म्हणाला. "हिला सांगितलंय, पुढच्या रांगेत डावीकडनं तिसरा मी."

मी रघूकडे पाहिलं. रघू तिकिटांच्या पेटीत काहीतरी शोधू लागला.

त्यांना आम्ही सगळ्यांत पुढे बसवलं. खेळ सुरू झाला. देऊळ आलं तेव्हा चुलतीने हात जोडले. रथ आला. नरसू बोट करून सांगत होता, "आता बघ, आता, हितं..." त्याचं बोट पडद्याबरोबर सरकत गेलं, रथाच्या पुढे, जिथे काहीच नव्हतं. रथ गेला, थांबला, परत आला. बोट खाली आलं.

"मी न्हाई," तो म्हणाला. मोठ्याने नव्हे, पण मला ऐकू आलं. "मास्तर, माझ्या हाताला फोड आलं हुतं की."

मागून कुणीतरी दरडावलं, "खाली बस रे, देव चाललाय!"

मी कसा उठलो ते सांगता येणार नाही. पडद्यापुढे गेलो, रथ माझ्या सदऱ्यावरून चालू लागला. मी ओरडून सांगितलं की हा चमत्कार नाही, भोकाचा दोष आहे, बारा मोजेपर्यंत जो हलला तो दिसत नाही, रथ माणसांनीच ओढला. लोकांनी "बसा, बसा" असा गिल्ला केला. एक जण म्हणाला, "मास्तर, देवाला माणसं लागत न्हाईत." त्यावर पाच-पन्नास माना डोलल्या.

तेव्हा भागिर्थी उठली. तिने पदर खोचला आणि मागे वळली.

"लागत न्हाईत व्हय? मग फुडल्या साली ह्यास्नी घरीच ठिवते. तुमीबी घरातच बसा. बघू रथ हलतोय काय!"

मागच्या बाजूने एक घोगरा आवाज आला. "मीबी हुतो दोराला." एक माणूस उभा राहिला. त्याच्या शेजारचा उठला, "मी पहारीवर हुतो." मग आणखी एक, आणखी दोन. कानडी मुंडाशातला एक उठला आणि नुसतेच दोन्ही तळहात वर करून उभा राहिला. वीसेक माणसं उभी होती, आणि ज्यांनी ओढला नव्हता ती त्यांच्याकडे मान उंच करून बघत होती. रघूने हँडल थांबवलं होतं. फिल्म जळेल म्हणून त्याने दिवा झाकला आणि तंबूत क्षणभर कुणीच कुणाला दिसेना.

खेळ संपल्यावर त्याने मला पाटी पुसायला लावली. नवीन मजकूर त्यानेच सांगितला: 'उळवीचा रथ. ओढणारी माणसं दिसत नाहीत, पण आहेत.' मला वाटलं होतं या पाटीवर कुत्रं फिरकणार नाही. पण रथ ओढलेली माणसं गावोगावहून येऊ लागली आणि रिकाम्या जागेकडे बोट दाखवून घरच्यांना सांगू लागली, तो मी, तो तुझा मामा, तो आपला बसाप्पा. आजही ते चित्र चालू आहे.

पण नरसूचं देणं राहिलंच होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी सागवानी पेटी काढली, गाडीपुढे अकराही जणांना उभं केलं आणि बजावलं, तीस मोजेपर्यंत कुणी हलायचं नाही. कुणी हललं नाही. म्हाताऱ्याने तर श्वासही घेतला नसावा. प्लेट धुतली, दुपारच्या उन्हात कागदावर छाप काढली. दहा माणसं अशी उमटली की लुगड्यांचे काठ मोजावेत. नरसूचा नवा पंचा स्वच्छ, भागिर्थीच्या खांद्यावर ठेवलेला हात स्वच्छ, नखांसकट. मानेच्या वर धूर. सबंध तीस मोजेपर्यंत तो डावीकडे उजवीकडे मान फिरवून सगळ्यांना सांगत होता, "हलू नगा!"

मी म्हटलं, पुन्हा काढू. त्याने सूर्याकडे पाहिलं. जगलबेटची वाट लांब होती. छाप कोऱ्या फडक्यात गुंडाळून ते निघून गेले.

मी बेळगावला परत आलो. शाळा सुरू झाली, मुलं मडकी आणि केळी रेखाटू लागली. लोक विचारतात, उळवीला जावं का? जावं. क्विनाइन घ्यावं, लोंढ्याला बैलांचे पाय बघावेत, हुग्गी पोटभर खावी. एवढं सगळं सांगून झालं तरी मला मात्र तंबूत पडद्याबरोबर सरकणारं ते बोट आठवत राहतं, आणि मी मन लावून काढलेली ती वेलबुट्टी.

परवा जगलबेटच्या शाळामास्तरांकडून लिहवून घेतलेलं एक कार्ड आलं. मजकूर असा: 'फोटो भिंतीला लावला आहे. आलागेला विचारतो, ह्याचं मुंडकं कुठं गेलं. भागिर्थी सांगते, रथ ओढायला गेलंय, येईल. ती धडधाकट आहे. बैल बरे आहेत. तुम्ही माघात येणार काय?'

उत्तरात मी लिहिलं, येतो, आणि दोराला माझ्यासाठी तुझ्याशेजारी जागा धर.